चर्चमधली डोण

आई जानेवारीत माझ्या बाळंतपणासाठी आयर्लंडला आली आणि मार्चमध्ये विमानं बंद झाली. तिचं परतीचं तिकीट एप्रिलचं होतं. ते मेवर गेलं, मेचं जूनवर, आणि नंतर विमान कंपनीने उत्तर देणंच सोडून दिलं. नवरा रिंगास्किडीच्या औषध कारखान्यात, त्यामुळे सगळं बंद असतानाही तो रोज कामावर जायचा. जवळच्या खेड्यातल्या आमच्या घरात दिवसभर मी, बाळ आणि आई. बाबा तिकडे माणदेशात, गावी एकटे. त्यांना चहापलीकडे काही करता येत नव्हतं. फोनवर मात्र एकच, "झकास हाय मी. तू तिकडचं बघ."

आईला ते खोटं कळायचं. मग ती घरभर फिरायची. धुतलेली भांडी पुन्हा धुवायची, पडदा सारायची, ओढायची. मी म्हणायचे, "आई, बस की गं जरा." ती बसायची आणि लगेच उठायची. तिच्याकडे बघून माझाही जीव वरखाली व्हायचा. बाळाला दूध पाजतानासुद्धा माझं लक्ष तिच्या पायांकडे.

जूनअखेर निर्बंध थोडे सैल झाले, तेव्हा ती दुपारी एकटीच बाहेर पडायला लागली. गल्लीच्या टोकाला एक छोटं प्रोटेस्टंट चर्च होतं, इंग्रज जमीनदारांच्या काळात बांधलेलं. एकट्याने बसून प्रार्थना करायची मुभा होती, म्हणून दिवसा दार उघडं असायचं. आई तिथे जाऊन बसते एवढंच मला माहीत होतं.

एके सकाळी त्या चर्चची देखभाल करणारी म्हातारी बाई आमच्या फाटकाशी आली. दोन मीटर लांब उभी राहून तिने विचारलं, "तुझी आई आमच्याकडे येते ना? बाप्तिस्म्याच्या पात्रात रोज कुणीतरी पाणी भरून ठेवतंय. पाद्री म्हणतात, सध्या त्यात पाणी ठेवायचं नाही."

मी घरात येऊन आईला विचारलं.

"व्हय, म्याच भरलं," ती म्हणाली. "बाहेरच्या नळाचं हाय, सोच्छ."

"पण का?"

"डोण कोरडी ठेवू ने. आत पाखरं येत्यात."

"आई, ती डोण नाही. लहान मुलांना त्यातल्या पाण्याने धर्मात घेतात."

"असंल. पर हाय डोणच."

मला शरमल्यासारखं झालं. बाळाला घेऊन मी तिच्याबरोबर चर्चमध्ये गेले आणि म्हातारीची माफी मागितली. आई काय म्हणाली तेही सांगितलं: आमच्या गावी गुरांना पाणी प्यायला असलंच दगडी भांडं असतं. म्हातारी माझ्याकडे बघतच राहिली. मग एवढ्या मोठ्याने हसली, की तिचा मास्क घसरला.

"तिला सांग, बरोबर आहे तिचं. या चर्चचं छप्पर एकदा पडलं होतं. लोक दुसऱ्या गावच्या चर्चला जायला लागले आणि हे भांडं शेजारच्या शेतकऱ्याने उचलून नेलं. कितीतरी वर्षं त्याची वासरं यातून पाणी प्यायची. छप्पर पुन्हा घातलं तेव्हा माझ्या सासऱ्यांनी गाडीत घालून परत आणलं. त्याला परत आशीर्वाद द्यावा लागेल का, यावर म्हणे गावात भांडणं झाली."

मी आईला सांगितलं. वासरांच्या घासण्याने गुळगुळीत झालेल्या कडेवरून तिने हात फिरवला. म्हातारीने तळाचं बूच काढलं आणि पाणी गुरगुरत खाली गेलं. ते गटारात जात नाही, फरशीखालच्या मातीत मुरतं, असं तिने सांगितलं.

"आपण देवाचं पाणी झाडाला घालतो तसं," आई म्हणाली. मग दाराबाहेरच्या कबरींकडे बोट करून मला म्हणाली, "ती नवी माती घातलीया, तिथं कोण हाय, इचार तिला."

मला विचारवेना. पण म्हातारीने ते बोट बघितलं होतं.

"माझा नवरा. एप्रिलमध्ये गेला. हॉस्पिटलमध्ये जाऊ देत नव्हते. मुलगा ऑस्ट्रेलियात, त्याला येता आलं नाही." आणि लगेच म्हणाली, "पण मी ग्रँड आहे, ग्रँड."

ग्रँड म्हणजे इकडचं 'झकास'; तो शब्द आईला एव्हाना कळायला लागला होता. तिने म्हातारीचा हात धरायला हात पुढे केला. म्हातारी सवयीने एक पाऊल मागे सरली. आई थबकली, बाकावर बसली आणि रडायला लागली. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच. "त्यो बी तिकडं झकास हाय म्हंतोय गं," ती मला म्हणाली, "आन म्या हितं."

म्हातारी पलीकडच्या बाकावर बसून राहिली. बाळ किरकिर करत होतं. त्याला थोपटत मी दोघींच्या मधल्या वाटेत येरझारा घालत होते.

ऑगस्टमध्ये दूतावासातून फोन आला: दिल्लीच्या खास विमानात जागा आहे. आईने बॅग भरली, उपसली, पुन्हा भरली. निघायच्या दिवशी म्हातारीने फाटकावर ताजा ब्रेड ठेवला आणि लांबूनच हात हलवला. डब्लिनपर्यंतच्या वाटेत आई बाळाचा पाय हातात धरून बसली होती.

दिल्लीत विलगीकरणासाठी हॉटेलमध्ये काही दिवस काढून शेवटी ती गावी पोचली. बाबा वाळले होते, पण धड होते. फोनवर मागून त्यांचा आवाज येत होता. भाकरी करपली म्हणून ते आईलाच ओरडत होते.

"आता तरी जीव शांत झाला ना तुझा?" मी विचारलं.

"कुठला," आई म्हणाली. "तिथं हुते तवा हिकडं वढ. आता हितं आले, तर सारकं वाटतंय बाळ उठलं आसंल."

बाळ खरंच उठलं होतं. मी फोन ठेवला आणि आत गेले.