पैनगंगेकाठचं काळं वावर

उपग्रहाच्या चित्रावर मी एक वावर नदीत बुडवलं होतं. ते खरंच बुडालंय का, हे बघायला साहेबांनी मला वाशिमला धाडलं. सत्तरच्या दशकाचा शेवट होता. पुण्याच्या कचेरीत आम्ही जुनी-नवी चित्रं शेजारी ठेवून नदीनं किती काठ खाल्ला ते शोधायचो. त्या चित्रांत हिरवं रान लाल दिसतं, पाणी काळं. मी तासन्तास त्यात हरवायचो. घरचे म्हणत, हा जमिनीवर नसतोच.

अकोल्याहून छोटी रेल्वे, वाशिमहून अनसिंगची एसटी, पुढे बैलगाडी. उन्हाळ्यात जाणार असाल तर भल्या सकाळी निघा. स्टँडवरचा चहा गोडमिट्ट, पण झकास. नदीकडे उतरताना उन्हात सगळं तरंगत होतं. वाटलं, आपण चित्रातच चाललोय.

काठावर त्या वावराच्या मालकीण कौसल्याबाई भेटल्या. मी नकाशा उलगडून त्यांचं वावर नदीत टाकणारी माझी निळी रेघ दाखवली. सरकार काठाला दगडी बांध घालणार होतं, पण जे वावर बुडालंय त्याच्यापुढे कोण घालेल?

"नदी तं तिकडे हाय," त्या म्हणाल्या. "मले काहून बुडवलं तुमी?"

पायाखाली ताजी नांगरट होती. इकडे उन्हाळ्यात वावर नांगरून तापत ठेवतात आणि ती काळी माती वरून थेट पाण्यासारखी दिसते. मला इतकी लाज वाटली, की नकाशाची घडीही नीट घालता येईना.

त्यांनी मात्र भाकर-ठेचा वाढला. "पुन्हा काळं दिसलं तं आधी मले इचारजा, भाऊ. मंग लिवजा."

पुण्यात येऊन मी रेघ खोडली आणि त्यांचं वावर बांधाच्या यादीत घातलं. पुढच्या उन्हाळ्यात चित्रात तिथं पुन्हा काळं दिसलं. मी पोस्टकार्ड टाकलं. उत्तर आलं, "नांगरलं हाय." मी एकटाच हसत बसलो.

त्याच्या पुढच्या उन्हाळ्यातही काळं. बांध अजून कागदावरच होता. मी निर्धास्तपणे, जरा थट्टेनंच कार्ड लिहिलं.

उत्तर दोन ओळींचं होतं. "औंदा नांगरलं नाही, भाऊ. आता लिवजा."

निळी पेन्सिल टेबलावरच होती. ती उचलायला मला आठ दिवस लागले.