आईच्या ओठांची रेघ

भावाने लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा आईने आधी देवाला हात जोडले आणि मग आम्हाला बजावलं, "लग्नाच्या मंटपात येते मी. पण फोटोला उभी राहायची नाही. आत्ताच सांगून ठेवते."

काही महिन्यांपूर्वी तिच्या अर्ध्या चेहऱ्यावरून वारं गेलं होतं. नस सुजलीय, येईल पूर्वपदावर, असं डॉक्टर म्हणाले आणि बरंचसं तसं झालंही. डोळा मिटू लागला, पाणी पिताना सांडेनासं झालं. फक्त ओठांचा डावा कोपरा खाली उतरलेला राहिला. गप्प बसली तर नीट पाहिल्याशिवाय कुणाच्या ध्यानात येत नसे, पण हसली की उजवी बाजू एकटीच वर पळायची. मुळात खळखळून हसणारी बाई. तिने हसणंच सोडून दिलं. बाहेर निघाली की पदर तोंडाशी.

त्याहून वाईट म्हणजे बाबा गप्प झाले. जेवताना तेच ते जुने विनोद सांगायची त्यांना खोड होती आणि "पुरे हो आता" म्हणून ओरडायची आम्हाला. तिला हसावं लागू नये म्हणून त्यांनी ते बंद केले. जेवताना नुसता ताटांचा आवाज यायचा. मला तो सहन होत नसे.

लग्नात मुलाची आई फोटोत नाही, हे भावाला मान्य नव्हतं आणि मला तर मुळीच नव्हतं. म्हणून मी छाती ठोकून सांगितलं, "तुझं तोंड मी सरळ करून देते." माझा गर्व अगदीच पोकळ नव्हता. हेब्बाळच्या कंपनीच्या बसमध्ये, हूटगळ्ळीच्या रस्त्यावरचे खड्डे खात, रेघ न हलवता लिपस्टिक लावणारी मी एकटीच.

लग्नाच्या सकाळी तिला खिडकीपाशी बसवलं. जन्मात तिने तोंडाला रंग लावलेला नव्हता, तरी माझ्या पेटीतल्या छटा पाहताच तिच्यातली रंगाऱ्याची पोर जागी झाली. आम्ही मूळचे रंगारी, पिढ्यान्पिढ्या कन्नड मुलखात राहिलेले मराठी. तिच्या लहानपणी माहेरी तिचे वडील, अप्पा, अजून साड्या रंगवायच्या कढया चुलीवर चढवत होते. ओला रंग नेहमी गडद दिसतो, वाळला की उतरतो, म्हणून मनात असेल त्याहून एक हात जास्तच द्यायचा, हे आमच्या घरात पोरंसोरं बोलायला शिकतात तेव्हाच शिकतात.

मी तिला पातळ, वाळून घट्ट बसणारी लिपस्टिक लावली. लग्नाच्या जेवणावळीत टिकावी म्हणून. आरसा हातात घेऊन ती म्हणाली, "फिकं होतंय बघ ग. वाळलं की उतरणार. अजून एक हात दे."

ही लिपस्टिक वाळल्यावर उलट गडद होते, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण आई रंगाबद्दल बोलू लागली की आमच्यात कुणी तोंड उघडत नाही. मी दुसरा हात दिला. "अजून," ती म्हणाली. तिसराही दिला.

वाळल्यावर ओठ जांभळं खाल्ल्यासारखे काळे झाले. पाण्याने पुसलं, साबण लावला. ढिम्म. आता ही मंटपातसुद्धा यायची नाही, आणि ते माझ्यामुळे. तेवढ्यात गाडी आल्याचं सांगायला बाबा आत आले आणि दारातच थबकले.

आईने आरसा तोंडासमोर धरला. बराच वेळ पाहिलं. "अय्यो!" ती म्हणाली. "पक्का रंग आहे की ग हा! आमच्या अप्पाला सुद्धा असला जमला नसता!" आणि ती हसायला लागली. पदर नाही, हात नाही. उजवी बाजू वर, डावी खाली, डोळ्यांतून पाणी. बाबा भरल्या डोळ्यांनी "गाडी आलीय" एवढंच म्हणून बाहेर गेले.

खोबरेल तेलाने सगळं उतरवलं आणि या वेळी मी तिचं एक ऐकलं नाही. "सुम्ने बस," असं तिचंच कन्नड तिला ऐकवून गप्प केलं. उतरलेल्या कोपऱ्यावर कातडीच्या रंगाचं थोडं क्रीम थापलं. डावीकडे वरच्या ओठाची रेघ केसभर वर घेतली, खालची कोपऱ्यापर्यंत नेलीच नाही. उजवीकडे दोन्ही रेघा किंचित आत ठेवल्या. आत फिकट गुलाबी रंग भरला आणि कागदाने टिपून घेतला. तोंड सरळ दिसू लागलं. ती आरशात पाहून ओठ न हलवता पुटपुटली, "आता बोलायचं नाही काय मी?"

मी पेटी मिटली. ती रेघ फक्त गप्प तोंडासाठीच खरी होती.

मंटपात ती पुतळ्यासारखी बसली. लग्न लागलं, फोटोची वेळ झाली आणि मी हात धरला तशी ती निमूट उभी राहिली. मला वाटलं, जिंकले. तेवढ्यात फोटोग्राफर म्हणाला, "अम्मा, स्वल्प नगी." थोडं हसा. तिची बोटं पदराकडे गेली.

मग ती नव्या सुनेकडे वळली. कडकोळच्या कारखान्यात भावासोबत काम करणारी, मराठीचं अक्षर न कळणारी मुलगी. आईने तिला मोडक्यातोडक्या नव्हे, चांगल्या ठसठशीत कन्नडमध्ये सकाळच्या काळ्या ओठांची गोष्ट सांगायला घेतली. तिसऱ्या हातापर्यंत पोचायच्या आत दोघी हसत होत्या. फोटो तेव्हाच निघाला. माझी रेघ त्यात कुठल्या कुठे गेलीय, आईचं तोंड चांगलंच वाकडं आहे आणि तोच फोटो तिने स्वतः निवडून दिवाणखान्यात लावलाय.

त्या दुपारी परतताना गाडीत बाबांनी घसा खाकरला आणि आम्हा सगळ्यांना पाठ असलेला एक विनोद सुरू केला. कुणी "पुरे हो" म्हटलं नाही.