पाळणुकीच्या दिवशी हलवलेलं घर

मी सारं आयुष्य अंगणवाडीत काढलं. याद्या करायची सवय तिथलीच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, तसं घर हलवायचं ठरलं नि मी आधी वही घेऊन बसले.

हलवायचं कारण एवढंच, की घरात मी एकटी उरले होते. नवरा जाऊन वर्ष झालं होतं. लेक बेळगावात नर्स आहे. तिचा फोन लागायला मला टेकाडावर चढून उभं राहावं लागायचं, आणि माझे गुडघे चढ दिसला की कुरकुरतात. तिनं रामनगरात बाजाराच्या मागं माझ्यासाठी एक खोली बघितली. दवाखाना जवळ, बस दारात. नाही म्हणायला मला काही सुचलं नाही.

पंधरा दिवस एकटी आवरत होते. भांडी जुन्या लुगड्यांत गुंडाळली. खोक्यांवर कोळशानं लिहिलं, 'आधी', 'मागनं', 'जपून'. तांदूळ दोन पोत्यांत, यंदाचे कंद डालग्यात, चुलीपाशी लागणारं सगळ्यात शेवटी. नवऱ्याचे तीन शर्ट एका खोक्यात ठेवले आणि त्यावर काय लिहावं ते कळेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. बोलायला कुणी नसलं की माणूस सामानाशी भांडतं. मीही भांडले. झाकण बसेना म्हणून एका डब्याला तर मी भवानी म्हणाले, आणि मग माझं मलाच ऐकून रडायला आलं.

आमच्या घरापर्यंत गाडी येत नाही. मधे ओहोळ आहे आणि त्यावर दोन खोडांचा साकव. सामान डोक्यावरनंच पलीकडं न्यायचं. वाडीतलं कुणी घर हलवतंय म्हटलं की न बोलवता सगळी घरं येतात, एकेक ओझं उचलतात, ओळीनं साकव ओलांडतात आणि रस्त्याला पोचवून चहा पितात. तीस वर्षांत मीही कितीकांची ओझी वाहिली. म्हणून वहीत माणसांची ओळच नव्हती, नुसता चहा नि साखर होती. मनातून मला त्या सामानाचं एवढं नव्हतं. आपल्याला पोचवायला सगळी वाडी येणार, याचीच मी वाट बघत होते.

टेम्पोवाल्याला विचारलं, लेकीला विचारलं, कॅलेंडर बघितलं, अमावास्या नव्हती. बुधवार धरला. शेजारी माझी थोरली जाऊ राहते, तिला मी अक्का म्हणते. तिला सांगितलं. ती "बुधवारी? बरं," एवढंच म्हणाली आणि आत गेली. मला वाटलं, बिचारीला वाईट वाटलं असेल.

बुधवारी आठाला ओहोळापलीकडं हॉर्न वाजला. मी चुलीवर मोठं तपेलं चढवलं. कुणी आलं नाही. दहा वेळा अंगणात जाऊन बघितलं. माणसं आपापल्या घरापुढच्या सोप्यावर बसून माझ्याकडंच बघत होती. टेम्पोवाला साकव ओलांडून आला नि माणसं कुठं आहेत म्हणून विचारू लागला. मी म्हटलं, येतील. नऊ वाजले, चहाचं पाणी आटलं. राग माझ्या नाकावरच असतो. पदर खोचला, 'आधी' लिहिलेलं खोकं डोक्यावर घेतलं आणि निघाले. तो भला माणूस गुमान पोतं उचलून मागनं आला.

तिसऱ्या खेपेला अक्काच्या दारात आल्यावर मला राहवेना. ती हात मांडीवर ठेवून बसली होती. मी ओझं खाली आदळलं.

"तीस वर्सं तुमची पोरं संबाळली. माजं एक डबडं उचलायला कुणाचा हात उठंना व्हय?"

अक्का चिडली नाही. हळूच म्हणाली, "आज पाळणूक हाय. आमी म्हटलं, तू मुद्दाम आजचा दिवस धरलास. कुणी यायला नको म्हणून."

पाळणूक म्हणजे गावच्या देवासाठी पाळायचा दिवस. त्या दिवशी नांगर धरत नाहीत, कुऱ्हाड धरत नाहीत, डोक्यावर ओझं घेत नाहीत. देवळात पुरुष बसून दिवस ठरवतात आणि घरी येऊन सांगतात. कॅलेंडरात तो नसतो. आमच्या घरी नवरा सांगायचा. पाय धुता धुता म्हणायचा, परवा पाळणूक. मी तीस वर्षं पाळली, पण लक्षात ठेवायची पाळी माझ्यावर कधी आली नाही. तो गेल्यावर दोनदा अक्कानं कुंपणावरनं सांगितलं होतं. या वेळी मीच जाऊन तिला ठासून दिवस सांगितला, तर ती कशाला सांगेल? आणि सकाळपासून सगळी वाडी बघत होती, की ही बया पाळणूक मोडून ओझी वाहतेय.

"आज ऱ्हा," अक्का म्हणाली. "उद्या सकाळी समदी येतील. तुला पोचवू."

मागं टेम्पोवाला उभा होता. तोही म्हणाला, उद्या मला मोकळीक आहे, येतो की. लाजेनं माझं तोंड नुसतं भाजत होतं. 'चुकलं माझं' एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द.

"न्हाई. टेम्पोवाल्याला उद्या जमत न्हाई," मी म्हटलं.

त्यानं मान खाली घातली. अक्कानं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि उठून आत गेली.

उरलेल्या खेपा आम्ही दोघांनी केल्या. दुपारी पाटा-वरवंटा गाडीत चढला तेव्हा सोप्यांवर कुणी नव्हतं. मी तपेलं उपडं केलं, चूल विझवली, कडी लावली.

रामनगरात खोलीवर फोन चांगला लागतो. त्याच संध्याकाळी लेकीचा आला. सामान नीट पोचलं का, काही फुटलं नाही ना, जेवलीस का, सगळं विचारून झालं. मग म्हणाली, आई, सगळी आली होती ना गं पोचवायला?

मी म्हटलं, व्हय, सगळी आली होती.