सात नंबरच्या काठीला सात नंबरची दोरी

मंडळी, दोन हातांनी फेकायच्या फ्लाय रॉडला, म्हणजे मासे धरायच्या लांब काठीला, कोणती दोरी लावायची, असं गेल्या महिन्यात दत्ताने याच ग्रुपवर विचारलं होतं. मी रुबाबात लिहिलं, "काठीवर सात लिहिलंय ना? मग दोरीही सातचीच." ते विसरा.

आज सकाळी दत्ता नेवाशाहून मुळा धरणावर आला. काठी नवी कोरी, दोरी मी सांगितलेली. दोन तास फेकत होता आणि दोरी पायाशीच गोळा होत होती. मी मागून ओरडत होतो, "वरचा हात ढकलू नको रे!" शेवटी चार लोकांसमोर म्हणालो, "तुझ्या हातातच नाही हे." तो नुसता हसला.

शेजारी जाळं फेकणारे एक बाबा मला म्हणाले, "दादा, त्येंना कशाला बोलता? काठी वाकतच न्हाई. दोरीला वजन हाय कुठं? आमच्या जाळ्याला शिसं कमी पडलं, की ते बी असंच पायाशी पडतंय."

घरी येऊन दोऱ्यांच्या वजनाचा तक्ता पहिल्यांदा नीट वाचला. मी सांगितलेली दोरी एका हाताने फेकायच्या काठीची होती. दोन हातांच्या सात नंबरला एका हाताच्या सातपेक्षा दुपटीहून जड दोरी लागते. नंबर नाही, ग्रॅम जुळवायचे असतात.

लगेच दत्ताला फोन लावला. मी तोंड उघडायच्या आत तोच म्हणाला, "सर, काठी विकून टाकतो. माझ्या हातातच नाही."

शहाणपणा इथे केला, म्हणून माफीही इथेच मागतोय. माझं ऐकून अजून कोणी आपल्याच हातांना दोष देत बसलंय का?