काकाही त्या ग्रुपमध्ये नव्हते

गेल्या मंगळवारी सकाळी करंजाडेच्या साइटवर पोचले, तर गेटवर काँक्रीटची गाडी उभी. सातव्या मजल्याचा स्लॅब दुपारी भरायचा होता, निदान मला तरी तसंच माहीत होतं...

मी तिथे क्वालिटी इंजिनिअर आहे. सळ्या तपासून मी सही केल्याशिवाय काँक्रीट पडत नाही. गाडी थांबवली आणि उन्हात तपासत बसले. मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडममुळे काम अडलं." बावीस वर्षांत हे किती वेळा ऐकलंय...

वेळ बदलायचं आदल्या संध्याकाळी एका व्हॉट्सॲप ग्रुपवर ठरलं होतं. साइटवरच्या पुरुषांचा असा ग्रुप आहे, हे मला वर्षभर ठाऊक होतं. बाईला बाजूला ठेवायचं राजकारण, असं मी धरून चालले होते. विचारायला जाणं कमीपणाचं वाटायचं.

दुपारी डबा खाताना आमची नवी ट्रेनी ऋतुजा, वय तेवीस, हिला मी अनुभवाचे चार बोल सुनावले. कमी बोल, सगळं मेलवर ठेव, कुणावर विसंबू नकोस.

तिने शांतपणे विचारलं, "पण मॅडम, तुम्ही त्यांना कधी विचारलंत का?"

मला राग आला. वाटलं, हिला अजून जग बघायचंय...

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगमध्ये तिने प्रोजेक्ट मॅनेजरना सरळ सांगितलं, "सर, वेळा ज्या ग्रुपवर ठरतात त्यात मी आणि मॅडम नाही आहोत. ॲड करा ना."

मी डायरीत डोकं घातलं. सर जरा अवघडले. "अगं, तो आमचा क्रिकेटचा ग्रुप. हळूहळू कामाचंही तिथेच बोलायला लागलो." हे अर्धं तरी खरं असावं. दोघं-तिघं मात्र गालात हसत होते.

तेवढ्यात कोपऱ्यातून नामाकाका बोलले. गव्हाणचे, साठीला टेकलेले, सळ्यांच्या कामाचे फोरमन. "मी पन नाय त्या ग्रुपमदी. मला वाटलं, म्हातारा झाला म्हनून पोरांनी बाजूला काढला."

मी बघतच राहिले. काकांना ऐनवेळी फक्त एक फोन जायचा. आणि मी त्यांना इतके दिवस 'त्यांच्यातलेच' समजत होते...

सरांनी तिथल्या तिथे सगळ्यांचा, फक्त कामाचा असा नवा ग्रुप केला. म्हणून सगळं बदललं असं नाही. मी गेले की चहाच्या टपरीवरच्या गप्पा अजूनही थांबतात.

पण शनिवारी बी विंगचा स्लॅब होता, तर काका स्वतःहून बोलवायला आले. "चला मॅडम, आपन दोघं आदी बघून घेऊ." एका कोपऱ्यात वाकून त्यांनीच सळी दाखवली. "ही खाली बसलीय. तुमी बोलायच्या आदी मीच सांगतो." दोघंही हसलो.

साइटवर राजकारण नसतं, असं मी म्हणणार नाही. मीही ते भोगलंय. पण काही ठिकाणी मी न विचारताच उत्तर ठरवून मोकळी झाले होते, आणि काकाही...

ऋतुजाला तोंडावर थँक यू म्हणणं अजून जमलेलं नाही. ती माझ्या पोस्ट वाचते, म्हणून इथे म्हणते.