ब्रदरचा सणाचा शर्ट

पार्सल मीच फोडलं. त्यातल्या नव्याकोऱ्या लोकरी शर्टावर चहाही मीच सांडला. आणि ब्रदर यायच्या आत डाग काढावा, म्हणून तो कडकडीत पाण्यात, धुण्याच्या यंत्रात, मीच फिरवला. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हे आमच्या शाळेत छडी मारून शिकवलं होतं. लोकरीला ती छडी बसली नसावी. बाहेर आला तो शर्ट इयत्ता पाचवीच्या मापाचा.

ब्रदर म्हणजे माझ्या खोलीतले सोबती. दवाखान्यात नर्स म्हणून उभं तारुण्य इंजेक्शनं देण्यात घालवून, चाळिशीत पुढचं शिकायला परदेशी आलेले. वहिनी घरी शिवणकाम करतात. लग्नापासून दर सणाला नवऱ्याचा शर्ट त्यांच्या हातचा. गेल्या वर्षी पार्सल उशिरा आलं, तर या गृहस्थाने सणाला घरचा फोनच उचलला नाही. "जुन्या शर्टात काय तोंड दाखवायचं?" म्हणे. पोरगी महिनाभर रुसली होती.

शर्ट हातात घेऊन ते नुसते बसले. ओरडले असते तर मला जेवण गेलं असतं.

"उद्या सकाळी पोरगी फोनपुढे बसणार," एवढंच म्हणाले. मग कात्री घेऊन त्यांनी शर्ट पाठीवर उभा फाडला.

"अहो ब्रदर!"

"ऑपरेशनचा गाऊन बघितला नाहीस कधी? पुढून साहेब, मागून देवाच्या हवाली."

बाह्याही खालून उसवल्या. बँडेजच्या पट्ट्यांनी पाठीवर गाठी मारायचं काम माझ्याकडे आलं.

सणाची सकाळ. खाली रस्त्यावर माणसं रोजच्यासारखी कामाला निघालेली. सण फक्त आमच्या खोलीत. ब्रदर पहाटेच अंघोळ करून, भांग पाडून तयार. फोन तांदळाच्या डब्याला टेकवला.

"बाबा, भारी दिसताय!" पोरगी ओरडली.

वहिनींची नजर मात्र शिवणीवर. "खांदा का ओढतोय?"

"थंडी गं. आखडलोय."

"तुम्ही आखडाल, शिवण कशी आखडेल? वळा बघू."

ही त्यांची घरची रीत. नवा शर्ट घातला की ब्रदर वळायचे आणि वहिनी पाठीवरून हात फिरवून शिवण बसवायच्या. ब्रदरनी माझ्याकडे पाहिलं. आणि वळले.

बनियन आणि चार गाठी. आधी पोरगी खिदळली.

"हा प्रताप कुणाचा?"

मी पुढे झालो. "माझा, वहिनी."

"भाऊजी, आईनं कपडे धुवायला शिकवलं नाही?"

"शिकवत होती. मी अभ्यास आहे म्हणून सांगायचो."

वहिनी हसल्या. ब्रदर वळायला लागले, तशा म्हणाल्या, "थांबा. असेच उभे राहा जरा."

ते उभे राहिले.

"वाळलात हो," वहिनींचा आवाज खाली आला. "नवं माप पाठवा."

"माप? तुला माझं माप विचारावं लागायला लागलं?"

वहिनींना त्यांची पाठ दिसत होती, मला चेहरा. जड बाजू माझ्या वाट्याला आली.

फोन ठेवता ठेवता वहिनींनी निकाल दिला, "भाऊजी, पुढच्या शर्टाचं कापड तुमच्याकडून."

तेव्हापासून मी कापडं दाखवायला आणतोय. ब्रदर प्रत्येक तुकडा चिमटीत धरून चोळतात. "तिला नाही आवडायचं," म्हणतात. सण पुन्हा तोंडावर आलाय, माप जाऊन पोचलंय, आणि कापड अजून माझ्याकडे बाकी आहे.