नवसाचं तूप

माझं शिक्षण चौथीपर्यंत. अक्षर वेडंवाकडं, वेलांट्या चुकतात. वाचणाराने सांभाळून घ्यावं. हे देवाच्या आठवणीसाठी लिहिते आहे.

त्या वर्षी घरधनी तापाने अंथरुणाला खिळले. मी मनात बोलले होते, हे उठले तर नदीपलीकडच्या काळेश्वरापुढे सव्वा रुपयाचं तूप जाळीन. ते उठले. मग सासूबाई आणि मी सिरोंच्याहून गोदावरी ओलांडून गेलो. नदीच्या पलीकडे तेव्हा अजून निजामाचं हाली नाणं चाले. आपलं ते कलदार, म्हणजे सरकारी नाणं. सिरोंच्याला सराफ बदलून देत असे, पण आपली दलाली, म्हणजे वटाव, कापून. नवसाच्या पैशाला वटाव लावला तर नवस उणा पडतो, अशी आमच्याकडची समजूत. म्हणून, देवाच्या दारी ते कोणीही घेईल या भरवशावर, सासूबाईंनी नवे कोरे कलदार हळदीच्या फडक्यात बांधले. नावेचं भाडं अलीकडेच दिलं आणि निघालो.

देवळाजवळच्या तूपवाल्याने नाणं उलटंपालटं करून पाहिलं. तो तेलुगूत बोलला. सासूबाईंना तेलुगू येतं, मला नाही.

"काय म्हणते तो?" मी हळूच विचारलं.

"म्हणते, याच्यावर राजाचं तोंड कुठी हाय? मी म्हटलं, राजा गेला, आता सिंह आले. तर म्हणते, मंग सिंहालेच तूप माग!"

आजूबाजूचे हसले. मला भुईत शिरावंसं वाटलं. वटाव देऊन बदलावं म्हटलं, तर तिथला सराफही गावाला गेलेला. दुसऱ्या दोन दुकानांतही तेच. तूप जळाल्याशिवाय सासूबाई पाणी पिणार नव्हत्या, आणि ऊन तर डोक्यावर आलेलं. मी भरल्या डोळ्यांनी कळसाकडे पाहिलं. म्हटलं, देवा, पै न् पै जपून आणली, आता माझ्या हातात काहीच नाही. तूच काय ते कर.

तेवढ्यात पणत्या विकणारी एक म्हातारी म्हणाली, "काऊन रडून राह्यली, पोरी?" तिचं माहेर चामोर्शीकडचं निघालं! सगळं ऐकून तिने कमरेची चंची सोडली आणि हाली नाणी माझ्या ओंजळीत ओतली. मी कलदारांचं फडकं पुढे केलं, तर म्हणाली, "माह्याजवळून तरी इथी कोन घेईल हे? राहू दे. येशील तवा दे."

"आमी नाई आलो तं?" सासूबाई म्हणाल्या.

"तं देवानं माह्याजवळून घेतलं समजीन. तूप घे आधी, म्हातारे, नाई तं इथीच पडशील!"

"म्हातारी कोनाले म्हणतेस?" सासूबाई तरातरा तूप आणायला गेल्या.

ज्योत उंच उठली. मला रडूही येत होतं, हसूही. मी हिशेबाने पुरा नवस फेडायला निघाले होते, आणि तूप जळत होतं परक्या बाईच्या कमरेचं. देवाच्या दारी आपलं म्हणून काही नेता येत नाही, हे मला त्या दिवशी उमगलं. तेव्हापासून कशाची फार चिंता करत नाही.

पुढे मिरचीच्या हंगामात पलीकडच्या व्यापाऱ्यांनी घरधन्यांना हाली नाणी दिली. त्यातली बाजूला काढून आम्ही तिघं गेलो. म्हातारी तिथेच होती. तिने मला ओळखलं नाही; त्या दिवसाच्या तुपाची आठवण दिली, तेव्हा घरधन्यांकडे टक लावून पाहिलं. "हाच का तो तापवाला? चांगला धट्टाकट्टा हाय की!" असं म्हणत तिने पदर पसरला. मी एकेक नाणं त्यात टाकलं. तिने ती मोजली, चंचीत भरली आणि म्हणाली, "फिटलं, बाई."